भाड्याची पावती आणि भिंतीतली ओल

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळेच जाणतो. पण ही म्हण बांधण्यापाशीच थांबते. बांधलेलं घर पुढं साठ-सत्तर वर्षं राखायचं कुणी आणि कुणाच्या पैशानं, याबद्दल ती काही सांगत नाही. मुंबईसारख्या शहरात मात्र खरा प्रश्न तोच ठरला. तिथल्या चाळी, इमारती, पागडीच्या खोल्या आणि ओनरशिपचे फ्लॅट यांचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर डागडुजीचा खर्च कुणी करायचा याच भांडणाचा तो इतिहास आहे असं दिसतं.

आज हा विषय घेण्याचं कारण साधं आहे. निवृत्तीचे चार पैसे हातात आले की मध्यमवर्गीय माणसाच्या मनात येतं, एखादी जुनी जागा घ्यावी, जराशी नीटनेटकी करावी आणि भाड्यानं द्यावी. महिन्याच्या महिन्याला भाडं येत राहील. यात गैर काही नाही. शंभर वर्षांपूर्वी गिरगावात किंवा परळला चाळ बांधणाऱ्या लहान घरमालकानंही असाच हिशेब केला होता. त्याच्या नातवंडांच्या वाट्याला काय आलं, हे आपण पैसे गुंतवण्याआधी पाहून ठेवलेलं बरं.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली आणि त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. काही चाळी गिरण्यांनी बांधल्या, काही सरकारनं. पण बहुतेक चाळी खासगी मालकांच्या होत्या, आणि हे सगळेच काही गडगंज शेटजी नव्हते. दुकानदार, कंत्राटदार, पेन्शनीत निघालेले नोकरदार, असेही लोक त्यांत होते. बँकेतल्या ठेवीसारखीच त्यांच्या दृष्टीनं चाळ ही एक ठेव होती. फरक इतकाच, की या ठेवीला कौलं होती आणि ती पावसात गळत होती.

त्या चाळींची बांधणी आठवून पाहा. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, मधल्या भिंती विटांच्या, गिलावा चुन्याचा, वर मंगलोरी कौलं. समोर लांबच लांब गॅलरी, टोकाला सामाईक संडास, प्रत्येक खोलीत कोपऱ्यात मोरी. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकानं. मालक बहुधा त्याच चाळीत किंवा जवळपास राहायचा, आणि महिन्याच्या सुरुवातीला मेहताजी पावतीबुक घेऊन दारोदार फिरायचे. मिळालेल्या भाड्यातून पालिकेचा कर जायचा, कर्जाचा हप्ता जायचा, आणि एक हिस्सा पावसाळ्याआधीच्या कामांसाठी राखून ठेवावा लागायचा. कौलं परतणं, पन्हळ साफ करणं, मोरीचा गिलावा दुरुस्त करणं, भिंतीला सफेदी देणं ही कामं दरवर्षीची. ती झाली नाहीत तर पुढच्या वर्षी दुप्पट खर्च येतो, हे मालकाला अनुभवानं ठाऊक होतं. भाडेकरूलाही ठाऊक होतं, की आपल्या भाड्यातूनच हे होतं. भाडं आणि डागडुजी यांचं हे नातं साधं होतं, पण सगळी इमारत त्यावर उभी होती.

म्हणून त्या काळाचे गोडवे गावेत असं मात्र नाही. अनेक मालक जितक्या खोल्या कोंबता येतील तितक्या कोंबत. उजेड नाही, वारा नाही, निचरा नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि त्यानंतर शहराची जी दैना झाली ती सर्वज्ञात आहे. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, ती १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली. १८९८ मध्ये सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. ट्रस्टनं दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि पुढं दादर-माटुंग्याला आखीव भूखंड पाडले. पण पाडलेल्या खोल्यांतली माणसं शेजारच्या गल्ल्यांतच जाऊन दाटीवाटीनं राहिली. १९११ पर्यंत शहराची वस्ती पावणेदहा लाखांच्या पुढं गेली होती. खोल्या कमी आणि माणसं जास्त, अशा वेळी भाडं कुठं जातं हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचं मुख्य नाव. राहणाऱ्यांनीच एकत्र येऊन मालक व्हायचं, ही कल्पना आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की तिचं नवेपण जाणवत नाही. पण भाडं घेणारा एक आणि भिंतीची ओल सोसणारा दुसरा, ही जुनी विभागणी तिनं मोडली. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाड्यांवर पहिलं कायदेशीर नियंत्रण आलं. ते पुढं उठलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा' मंजूर झाला. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो लागू झाला. त्यातली मुख्य तरतूद अशी, की १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीला जे भाडं होतं, तेच साधारणपणे तिचं प्रमाण भाडं.

हा कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आधी म्हटलं पाहिजे. युद्ध संपलं होतं, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, बांधकामाचं सामान मिळत नव्हतं. कायदा नसता तर हजारो कष्टकरी कुटुंबं रस्त्यावर आली असती. गिरणगावातल्या कामगाराला आणि गिरगावातल्या कारकुनाला मुंबईत पाय रोवता आले ते या कायद्यामुळे. पण त्यात दोन उणिवा राहिल्या. विटा, चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी महाग झाली तर भाडं किती वाढावं, याची सोय त्यात नव्हती. आणि थोड्या काळासाठी म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला.

आकडे घालून पाहू. समजा, १९४० साली एका खोलीचं भाडं दहा रुपये होतं आणि चाळीत वीस खोल्या होत्या. वर्षाचे चोवीसशे रुपये झाले. तेव्हा एवढ्यात कर भरून, डागडुजी करून मालकाच्या हाती काही उरत असे. आज चोवीसशे रुपयांत गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी थोडेच दिवस मिळतील, सामान वेगळं. कायद्यानं डागडुजीची जबाबदारी मात्र मालकावरच ठेवली होती. झालं असं, की मालकानं हात आखडता घेतला. आपण खोलीचे मालक नाही, मग पदरचा पैसा का घालावा, म्हणून भाडेकरूही थांबला. दोघांचंही म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. मधल्या मध्ये तुळया कुजत राहिल्या.

तुळई कुजते कशी हे समजून घेण्यासारखं आहे. तिचं टोक भिंतीत रुतलेलं असतं. वरच्या मजल्यावरची मोरी झिरपली की पाणी भिंतीत मुरतं आणि आधी ते झाकलेलं टोक सडतं. खोलीत दिसणारी तुळई ऑइलपेंट लावून ठणठणीत दिसते. शिवाय जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल हळूहळू बाहेर पडू शकते. त्यावर कुणी घाईघाईत सिमेंटचा गिलावा मारला, की भिंत महिनाभर देखणी दिसते आणि ओल आत कोंडून राहते. बाहेरच्या बाजूनं पन्हळीच्या सांध्यात पिंपळाचं रोपटं धरतं. बोटभर असताना ते हातानं उपटता येतं. मनगटाएवढं झालं की मुळं निम्मी भिंत घेऊनच बाहेर येतात. ही सगळी वेळच्या वेळी थोडक्यात होणारी कामं आहेत. गोठलेल्या भाड्यानं काही बुडालं असेल, तर ती हीच वेळच्या वेळी करायची कामं.

कायद्यानं सरळ वाट बंद केली की व्यवहार आडवाट शोधतो. त्या आडवाटेचं नाव पागडी. खोली सोडणारा भाडेकरू नव्याकडून मोठी रक्कम घ्यायचा आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा, तेव्हा मालक नव्या माणसाच्या नावानं पावती फाडायचा. जुन्या कायद्याला हे मान्य नव्हतं, तरी सारं शहर ते करत होतं. या पैशातून इमारतीची दुरुस्ती व्हावी असा नियम कुठंच नव्हता, आणि ती फारशी झालीही नाही. भाडेकरू करण्याऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स'वर जागा देण्याची पद्धत आली, तर १९७३ साली कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्या वेळी ज्यांना आसरा मिळाला त्यांच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण जागा एकदा दिली की गेली, ही धास्ती मालकांच्या मनात बसली ती बसलीच. रिकामी घरं कुलूप लावून ठेवणारे लोक आजही भेटतात, त्यांच्या भीतीचं मूळ इथं आहे.

जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारला लक्ष घालावं लागलं. १९६९ च्या कायद्यानं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आलं. शहर बेटावरच्या जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची, अशी ही योजना. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पुढं हे मंडळ म्हाडाच्या छत्राखाली आलं. गिरगावात, लालबागेत तुळयांना लावलेले लोखंडी टेकू दिसतात ते या दुरुस्तीचे. मंडळानं अनेक इमारतींचं आयुष्य वाढवलं, यात शंका नाही. पण घरमालकाची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली की काम निविदेच्या आणि निधीच्या वेळेनं होतं, पावसाच्या वेळेनं होत नाही.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण घातलं गेलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढली, तर सरकारनं इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळावी. आपल्या उदाहरणातल्या दहा रुपयांच्या खोलीमागे हे झाले एक हजार रुपये. मालकांची संघटना न्यायालयात गेली. त्यातूनच निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. दहा रुपयांच्या भाड्यावरून सुरू झालेलं भांडण असं राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या कलमापर्यंत पोचलं.

त्याआधी १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की वर्षानुवर्षं भाडं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं पागडीला कायद्याची मान्यता दिली, दरसाल चार टक्के भाडेवाढ दिली आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणं बंधनकारक केलं. चार टक्के ऐकायला बरे वाटतात. पण मूळ आकडा दहा रुपयांचा असेल, तर सुरुवातीची पाच टक्के वाढ धरूनही पंचवीस वर्षांनी तो अठ्ठावीस रुपये होतो. मुळातच चूक असलेल्या आकड्यावर टक्केवारी चढवून तो बरोबर होत नाही.

आता कुणी म्हणेल, हा सगळा पागडीवाल्यांचा इतिहास झाला, आमचा फ्लॅट तर ओनरशिपचा आहे. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा यांनंतर मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणावर सोसायट्यांत गेला, हे खरं. गावदेवीची १९१५ सालची कल्पना घराघरांत पोचली. पण डागडुजीचा प्रश्न सुटला नाही, त्यानं फक्त पत्ता बदलला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत दुरुस्ती निधीसाठी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का वर्गणी सांगितली आहे. हा बांधकाम खर्च कोणता, तर इमारत बांधली तेव्हाचा. १९८० साली बांधलेल्या इमारतीची सभा आजही त्या वेळच्या खर्चावर पाव टक्का गोळा करत असेल, तर ती १९४० चं भाडं घेणाऱ्या चाळमालकापेक्षा वेगळं काय करते आहे? सर्वसाधारण सभेला ही वर्गणी वाढवण्याचा अधिकार आहे. पण वाढवायचा ठराव आला की सगळ्यांना घरी जाण्याची घाई होते.

आणि आता इमारती आरसीसीच्या आहेत, म्हणजे त्या अमर आहेत असा एक समज आहे. काँक्रीटच्या आत लोखंडी गज असतात. समुद्राच्या खारट हवेच्या शहरात, भेगांतून ओल आत गेली की गज गंजतो. गंजलेला गज फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडतो. स्लॅबच्या पोटाला पोपडे येतात, कॉलमला उभी चीर जाते. लाकडी तुळई आणि आरसीसीचा कॉलम यांचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे पाणी.

तेव्हा मंडळी, या इतिहासातून लहान गुंतवणूकदारानं आणि घर सुधारायला काढणाऱ्यानं काय घ्यावं?

पहिला प्रश्न भावाचा नव्हे, जबाबदारीचा विचारावा. या जागेची, या भिंतीची, या गच्चीची दुरुस्ती कुणी करायची आणि त्यासाठी पैसा कुठं जमा आहे? सोसायटी असेल तर मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा आणि दुरुस्ती निधीत व सिंकिंग फंडात शिल्लक किती ते पाहा. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हावं, असं उपविधी सांगतात. त्याचा अहवाल वाचायला मागा. निधीही नाही आणि अहवालही नाही, तर स्वस्त दिसणारा फ्लॅट स्वस्त नाही. त्याच्या किमतीतला काही भाग पुढं वेगळ्या बिलानं येणार आहे.

दुसरं, कागद. शहरी जागेसाठी प्रॉपर्टी कार्ड, आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं भागप्रमाणपत्र हे तर पाहावंच. त्यापलीकडे विचारावं, की जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावावर झालं आहे का. विकासकानं ते करून दिलं नसेल, तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. कन्व्हेयन्स नसेल तर पुढं पुनर्विकासाच्या वेळी गाडी तिथंच अडते. पागडीची जागा घेत असाल, तर आपण जमीन विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क घेतो आहोत, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगा. मालकाची लेखी संमती, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आणि आपल्या नावाची भाडेपावती यांशिवाय तिथं पाऊल टाकू नये. अशा जागेवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, हेही आधी लक्षात घ्यावं.

तिसरा हिशेब भाड्याचा. नुसता समजण्यापुरता आकडा घेऊ. पन्नास लाखांची जागा, महिना पंधरा हजार भाडं, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडं अधिक. आता त्यातून एक महिना जागा रिकामी राहिल्याचे पंधरा हजार, दलालीचे पंधरा हजार, सोसायटीचे महिना तीन हजारांप्रमाणे छत्तीस हजार आणि डागडुजीसाठी बाजूला ठेवायचे महिना दोन हजारांप्रमाणे चोवीस हजार वजा करा. उरले नव्वद हजार, म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश टक्के. हे पाहूनही जागा घ्यावीशी वाटली तर अवश्य घ्या, पण पाहून घ्या. गंमत अशी, की आयकराचा कायदा हे ओळखून आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या रकमेवर तो तीस टक्क्यांची सरसकट वजावट देतो. त्यातले काही पैसे खरोखरच डागडुजीसाठी वेगळ्या खात्यात ठेवले, तर कायद्यालाही बरं वाटेल आणि भिंतीलाही.

चौथं, भाडेकरूशी करार नेहमी लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणी करून देण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्यानं मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. किरकोळ दुरुस्ती कुणी करायची आणि मोठी कुणी, हेही त्याच करारात मराठीत, स्वच्छ लिहून ठेवावं. जुन्या मालक-भाडेकरूंची अर्धी भांडणं या दोन ओळी नसल्यामुळे झाली.

पाचवी गोष्ट घर सुधारण्याच्या क्रमाची. आपण उलट्या टोकानं सुरुवात करतो. आधी फरशी निवडतो, मग रंग, आणि शेवटी प्लंबरला बोलावतो. खरा क्रम असा: आधी पाणी येण्याच्या वाटा बंद करा, म्हणजे गच्ची, छज्जे, बाथरूमचे सांधे, बाहेरचे पाइप. मग इमारतीची हाडं, म्हणजे तुळया, कॉलम, स्लॅब. मग वीज, कारण जुन्या वायरिंगवर एसी आणि गिझर चालवणं हा जुगार आहे. त्यानंतर गिलावा, आणि अगदी शेवटी फरशी नि रंग. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग केल्यावर फरशी बसवण्याआधी तिथं निदान एक दिवस-रात्र पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत पाहून या. गच्चीवर एका कोब्यावर दुसरा कोबा टाकू नका. प्रत्येक थर म्हणजे खालच्या स्लॅबवर टनावारी वजन.

आणि भिंतीला, कॉलमला, बीमला हात लावण्याआधी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला आणि पालिकेची परवानगी घ्याच. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून सतरा माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात आधाराचे भाग तोडले गेल्याचा आरोप तेव्हा झाला. त्यानंतर सव्वा महिन्यानं, ३१ ऑगस्टला, भेंडी बाजारात शंभरीपार केलेली इमारत पडली आणि तेहतीस जण दगावले. एक इमारत तुलनेनं नवी, दुसरी जुनी. एकीच्या बाबतीत नको तिथं हात लागल्याचा आरोप होता, दुसरीला हवा तेव्हा हात लागला नाही. हॉल मोठा करण्यासाठी काढलेली भिंत आपल्या वरच्या चार घरांना पेलून धरणारी नाही ना, हे ठरवण्याचा अधिकार सुताराला नाही, इंटिरिअरवाल्यालाही नाही आणि आपल्यालाही नाही.

भाडं गोठवणारा कायदा चूक की बरोबर, यावर आणखी पन्नास वर्षं वाद चालेल. मालकांच्या बाजूनं बोलणारे आणि भाडेकरूंच्या बाजूनं बोलणारे, दोघांकडेही खऱ्या दुःखाच्या कहाण्या आहेत. पण ज्या इमारतीतून घेतलेला पैसा तिच्यात परत गेला नाही, ती इमारत कुणाचीच राहिली नाही, एवढं तर दोघांनाही मान्य व्हावं. मग ती गिरगावची चाळ असो, पुण्यातल्या पेठेतला वाडा असो किंवा कालपरवा घेतलेला वन-बीएचके असो.

म्हणून जागा पाहायला जायची असेल तर दिवाळीनंतर नवा रंग दिलेल्या घरात जाऊ नका. ऐन आषाढात, संततधार लागलेली असताना जा. सोबत छत्री आणि बॅटरी न्या. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी आणि खालच्याशीही दोन शब्द बोला. कपाटं जरा पुढं ओढायला सांगून त्यांच्या मागची भिंत तळहातानं चाचपून पाहा. मग भाव विचारा.